लॅपटॉपवरचा टॉमकॅट नेमकी कुठली फाइल वाचतोय?

घोडबंदर रोडवरच्या मोठ्या सोसायट्यांत वॉचमनच्या केबिनमध्ये टँकरची वही सापडते. तारीख, वेळ, गाडीचा नंबर, किती हजार लिटर, पावती कोणी घेतली. ही वही वेबवर आणायची ठरली तर जावामध्ये लिहिलेलं लहानसं ॲप पुरतं: मागे नोंदी ठेवायला मायएस्क्यूएल, पुढे ब्राउझर आणि मधे ॲप चालवणारा टॉमकॅट. शेवटी ते क्लाउडवर जाईल, पण लिहिताना आणि तपासताना ते आपल्याच लॅपटॉपवर चालवावं लागतं. नवख्यांचे दिवसच्या दिवस जातात ते इथेच.

आणि बहुतेक वेळा टॉमकॅटमध्ये काही बिघडलेलं नसतं. आपण बदललेली फाइल एक आणि तो वाचत असतो ती दुसरी. आपल्याला वाटतं तो जावा एक आणि त्याला सापडलेला दुसरा. म्हणून अंदाजाने सेटिंग बदलत बसण्यापेक्षा, तो आत्ता नेमकं काय वाचतोय ते आधी पाहावं. ते तो स्वतःच सांगतो. सुरू होताना लॉगच्या पहिल्या काही ओळींत टॉमकॅटची आवृत्ती, जावाची आवृत्ती, जावा कुठल्या फोल्डरमधून उचलला, कॅटलिना बेस आणि कॅटलिना होम हे दोन फोल्डर आणि जावाला दिलेले सगळे पर्याय ओळीने छापलेले असतात. लोक या ओळी सोडून थेट लाल अक्षरांकडे धावतात. उत्तर पुष्कळदा वरच असतं.

(फाइलींची नावं खाली उच्चाराप्रमाणे दिली आहेत. टाइप करताना ती अर्थातच रोमन अक्षरांत.)

आधी जोडी जमवा

टॉमकॅट आणि जावा यांची जोडी ठरलेली आहे. टॉमकॅट 9 ला जावा 8 किंवा पुढचा चालतो, 10.1 ला किमान जावा 11 लागतो, 11 ला किमान जावा 17. आज नव्याने सुरुवात करत असाल तर 10.1 आणि जावा 17 ही जोडी घ्या. कमी कटकटीची आहे.

9 मधून 10 मध्ये जाताना मात्र एक खड्डा आहे. टॉमकॅट 10 पासून सर्व्हलेटच्या (ब्राउझरच्या मागणीला उत्तर देणारा जावा कोड) पॅकेजांची नावं 'जावाएक्स' ऐवजी 'जकार्ता'ने सुरू होतात. जुन्या पुस्तकातला किंवा कॉलेजच्या जर्नलमधला कोड तसाच उचलून टॉमकॅट 10 वर टाकला, तर ॲनोटेशनने लावलेला सर्व्हलेट टॉमकॅटला ओळखूच येत नाही. तो एररही देत नाही. ॲप व्यवस्थित चढतं आणि पान उघडलं की 404, म्हणजे 'पान सापडलं नाही'. मग बिचारा माणूस पत्त्यातलं स्पेलिंग तपासत बसतो. उपाय दोन: कोडमधले इम्पोर्ट बदला, किंवा जुनी वॉर फाइल (सगळं ॲप बांधलेली एकच फाइल) 'वेबॲप्स-जावाईई' या नावाच्या फोल्डरमध्ये टाका, टॉमकॅट तिचं रूपांतर करून ती वेबॲप्समध्ये, म्हणजे ॲपच्या नेहमीच्या फोल्डरात, ठेवतो. इम्पोर्ट सरसकट 'शोधा आणि बदला' करत असाल तर थांबा. 'जावाएक्स डॉट एसक्यूएल' हे पॅकेज जावाचं स्वतःचं आहे, ते बदललेलं नाही. डेटासोर्स तिथूनच येतो.

दुसरी नेहमीची तक्रार म्हणजे 'अनसपोर्टेड क्लास व्हर्जन'. त्या ओळीत एक आकडा असतो: 52 म्हणजे जावा 8, 55 म्हणजे 11, 61 म्हणजे 17, 65 म्हणजे 21. कोड नव्या जावाने कंपाइल झालाय आणि टॉमकॅट जुन्यावर चालतोय, एवढाच त्याचा अर्थ. जावा होम (जावा कुठे आहे ते सांगणारं व्हेरिएबल) तर बरोबर लावलंय, मग असं का? जेआरई होम नावाचं दुसरं व्हेरिएबलही असतं आणि दोन्ही लावलेली असली तर टॉमकॅट जेआरई होमचंच ऐकतो. जुन्या कुठल्यातरी प्रोजेक्टच्या वेळी ते लावलेलं असतं आणि कुणाला आठवत नसतं. काढून टाका.

कुठे ठेवायचा

विंडोजवर इन्स्टॉलरपेक्षा झिप घ्या. ऐरोली-महापेच्या ऑफिसांतून मिळणाऱ्या लॅपटॉपवर ॲडमिनचे अधिकार सहसा नसतात; झिपला ते लागत नाहीत. इन्स्टॉलरने लावलेला टॉमकॅट विंडोज सर्व्हिस म्हणून चालतो आणि त्याची मेमरीची सेटिंग वेगळ्या खिडकीत असतात, 'सेटएन्व्ह डॉट बॅट' फाइल तो वाचतच नाही. झिप उघडायची ती सी ड्राइव्हवर साध्या नावाच्या फोल्डरमध्ये. वनड्राइव्हखालच्या डेस्कटॉपवर नको: आपण फाइल बदलत असतो, टॉमकॅट ती वाचत असतो आणि त्याच वेळी वनड्राइव्ह ती वर चढवत असतो. तिघांच्या ओढाताणीत कधीतरी फाइल अडकते.

पहिल्यांदा चालवताना 'स्टार्टअप' नको, 'कॅटलिना रन' ही आज्ञा द्या. त्याने टॉमकॅट त्याच टर्मिनलमध्ये चालतो, लॉग डोळ्यांसमोर राहतो आणि कंट्रोल-सी दाबलं की थांबतो.

दोन फोल्डरांचा घोळ

आता मुख्य मुद्दा. कॅटलिना होम म्हणजे जिथे टॉमकॅटचा मूळ प्रोग्रॅम आहे तो फोल्डर. कॅटलिना बेस म्हणजे जिथून तो सेटिंग वाचतो, ॲप उचलतो आणि लॉग लिहितो तो. साध्या झिपमध्ये दोन्ही एकच असतात म्हणून फरक जाणवत नाही. पण एक्लिप्स किंवा इंटेलिजे या कोड लिहिण्याच्या प्रोग्रॅममधून टॉमकॅट चालवला की ते आपला वेगळा बेस तयार करतात.

एक्लिप्सचंच पाहू. सर्व्हर जोडला की वर्कस्पेसमध्ये 'सर्व्हर्स' नावाचा प्रोजेक्ट दिसू लागतो. त्यात 'सर्व्हर डॉट एक्सएमएल', 'कॉन्टेक्स्ट डॉट एक्सएमएल' वगैरे फाइलींच्या नकला असतात. एक्लिप्समधून चालणारा टॉमकॅट या नकला वाचतो. झिपमधल्या 'कॉन्फ' फोल्डरात तुम्ही पोर्ट (टॉमकॅट ज्या क्रमांकावर ऐकतो तो) बदललात, तीनदा रीस्टार्ट केलंत, तरी काही होणार नाही. बदल नकलेत करायला हवा. ॲपही वेबॲप्समध्ये जात नाही, वर्कस्पेसच्या मेटाडेटातल्या एका लपलेल्या 'टीएमपी0' फोल्डरात जातं. म्हणूनच एक्लिप्समधून चालवून लोकलहोस्ट (म्हणजे हेच मशीन) 8080 उघडलं तर टॉमकॅटचं मांजरवालं स्वागतपान येत नाही, 404 येतो. टॉमकॅट उत्तम चालू आहे. स्वागताचं ॲप त्या बेसमध्ये नाही, इतकंच. हा 404 पाहून कित्येकांनी टॉमकॅट पुन्हा डाउनलोड केलेला आहे.

सर्व्हरच्या नावावर डबल क्लिक केलं की 'सर्व्हर लोकेशन्स'मध्ये तीन पर्याय दिसतात. तिथे मूळ फोल्डर निवडता येतो, पण फक्त सर्व्हर रिकामा असताना. पर्याय करडे दिसत असतील तर आधी जोडलेली ॲप काढा आणि 'क्लीन' करा. आमच्या मते बदलूच नका. वेगळा बेस ही चांगली सोय आहे: मूळ झिप कोरी राहते आणि घोळ झाला तर नक्कल फेकून नवी घेता येते. फक्त ती कुठे आहे हे माहीत हवं.

मेमरीचंही तसंच. झिपच्या 'बिन' फोल्डरात 'सेटएन्व्ह' नावाची फाइल आधीपासून नसते, आपण करायची असते. टॉमकॅटची स्क्रिप्ट ती सुरुवातीला वाचते. पण एक्लिप्स स्क्रिप्टला वळसा घालून थेट जावा चालवतो, त्यामुळे तिथे हेच पर्याय 'लाँच कॉन्फिगरेशन'च्या व्हीएम आर्ग्युमेंट्समध्ये लिहावे लागतात. काही सांगितलं नाही तर जावा मशीनच्या मेमरीच्या एक चतुर्थांश भागापर्यंत हीप (ॲपसाठी राखलेली मेमरी) वाढवू शकतो, म्हणजे 16 जीबीच्या लॅपटॉपवर 4 जीबी. टँकरच्या वहीला इतकं कशाला? 512 एमबी कमाल मर्यादा घाला. ॲप मेमरी गळवत असेल तर तेही लवकर कळतं. हे पर्याय 'कॅटलिना ऑप्ट्स'मध्ये लिहा, 'जावा ऑप्ट्स'मध्ये नको. जावा ऑप्ट्स टॉमकॅट थांबवण्याच्या आज्ञेलाही लागू होतात. त्यात एखादा डीबगचा किंवा देखरेखीचा पोर्ट लिहिलेला असेल, तर थांबवायला निघालेला जावासुद्धा तोच पोर्ट मागतो आणि 'पोर्ट वापरात आहे' म्हणून अडतो.

पोर्ट

टॉमकॅटचे लक्षात ठेवायचे पोर्ट दोन. 8080 वर तो ब्राउझरचं ऐकतो आणि 8005 वर 'थांब' हा निरोप ऐकतो. तिसरा 8009 एजेपीचा (टॉमकॅटच्या पुढे दुसरा वेब सर्व्हर असेल तर त्याच्याशी बोलायचा), पण 2020 साली त्यातली घोस्टकॅट नावाची सुरक्षेची फट उघडकीस आली आणि तेव्हापासून नव्या आवृत्त्यांत तो मुळात बंद येतो. चालू करू नका.

8080 आधीच कुणी घेतलेला असेल तर गंमत होते. टॉमकॅट लॉगमध्ये 'ॲड्रेस ऑलरेडी इन यूज' लिहितो आणि तरीही चालूच राहतो. शेवटी 'सर्व्हर स्टार्टअप इन अमुक मिलिसेकंद' ही आनंदाची ओळसुद्धा येते. ब्राउझर मात्र भलत्याच प्रोग्रॅमचं पान दाखवतो. ओरॅकल एक्सप्रेस 11जी ज्या मशीनवर आहे तिथे हे हमखास होतं, कारण त्याचं वेबपान 8080 वरच बसतं. 8005 अडलेला असेल तर उलट: टॉमकॅट सुरू होतो आणि लगेच स्वतःच थांबतो. म्हणून एकाच लॅपटॉपवर दोन टॉमकॅट चालवायचे तर दुसऱ्याचे दोन्ही पोर्ट बदलावे लागतात, एक नव्हे.

पोर्ट कोणी धरलाय ते विंडोजवर 'नेटस्टॅट' आज्ञेला ए, एन, ओ हे पर्याय देऊन कळतं. शेवटच्या रकान्यातला आकडा टास्क मॅनेजरच्या डिटेल्समध्ये शोधा. मॅक आणि लिनक्सवर 'एलएसओएफ'ला आय हा पर्याय आणि पोर्टचा आकडा द्यायचा. बरेचदा तिथे जावाच सापडतो: एक्लिप्स गोठला, जबरदस्तीने बंद केला, पण त्याने सुरू केलेला टॉमकॅट मागे जिवंत राहिला. तो मारला की प्रश्न मिटतो.

डेटाबेस: घरी हात आखडता ठेवा

मायएस्क्यूएलचा पासवर्ड ॲपच्या कोडमध्ये लिहू नका. बेसमधल्या 'कॉन्फ', त्यातल्या 'कॅटलिना', त्यातल्या 'लोकलहोस्ट' फोल्डरात 'टँकर डॉट एक्सएमएल' नावाची फाइल करा आणि कनेक्शनची माहिती तिथे रिसोर्स म्हणून द्या. फाइलीच्या नावावरूनच ॲपचा पत्ता ठरतो. त्यातल्या 'डॉकबेस'ने दाखवलेली वॉर फाइल वेबॲप्सच्या बाहेर ठेवा, नाहीतर तेच ॲप दोनदा चढू शकतं आणि रात्रीचा हिशोब करणारं काम दोनदा चालतं. मायएस्क्यूएलचा ड्रायव्हर जार (त्याच्याशी बोलणाऱ्या जावा कोडची फाइल) टॉमकॅटच्या 'लिब'मध्ये हवा. कनेक्शन टॉमकॅट करतो, ॲप नाही. ॲपच्या पोटातला जार त्याला दिसत नाही.

कनेक्शनचा जो साठा टॉमकॅट सांभाळतो त्यात जास्तीत जास्त 8 कनेक्शन असतात, आणि सगळी संपली तर कितीही वेळ थांबायची तयारी असते. हे दोन्ही न सांगता मिळणारे आकडे आहेत आणि त्यातून एक नमुनेदार दुखणं तयार होतं. कोडमध्ये एका ठिकाणी कनेक्शन बंद करायचं राहिलं आहे. नोंदींची यादी एकदा उघडा, दोनदा उघडा, आठदा उघडा, सगळं छान. नवव्या वेळी ब्राउझरचं चक्र फिरत राहतं. एरर नाही, लॉग शांत, सीपीयू शांत. रीस्टार्ट केलं की पुन्हा आठ वेळा चालतं.

म्हणून लॅपटॉपवर मुद्दाम कंजुषी करा: 'मॅक्स टोटल' 2 ठेवा आणि 'मॅक्स वेट मिलिस' 5000. गळती असेल तर तिसऱ्याच क्लिकला पाच सेकंदांत एरर येईल. सोबत 'रिमूव्ह अबँडन्ड ऑन बॉरो' आणि 'लॉग अबँडन्ड' चालू केले तर ते कनेक्शन कोडच्या कुठल्या ओळीने घेतलं होतं तेही लॉगमध्ये छापून येतं. फक्त टाकून दिलेलं कनेक्शन ओळखायची मुदत मुळात 300 सेकंदांची असते, ती कमी करा. कोडमध्ये मात्र 'ट्राय विथ रिसोर्सेस' वापरा, म्हणजे बंद करायचं विसरण्याचा प्रश्नच राहत नाही.

'घोडबंदर' कुठे मोडतं

मराठी अक्षरं बिघडली की लोक दिसेल तिथे यूटीएफ-8 (सगळ्या लिपी मावणारा अक्षरसंच) लिहून देव पाण्यात ठेवतात. तसं करायची गरज नाही. बिघाड कसा दिसतो त्यावरून तो कुठे झाला ते कळतं. 'घोडबंदर' या शब्दात मात्रा आणि अनुस्वार वेगळे धरून 7 चिन्हं आहेत. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइटचं, म्हणजे एकूण 21 बाइट.

सात प्रश्नचिन्हं दिसली, तर वाटेत कुणीतरी हा मजकूर देवनागरी नसलेल्या अक्षरसंचात बदलला. मूळ माहिती गेली. ती नोंद दुरुस्त होणार नाही, पुन्हा भरावी लागेल. संशय आधी डेटाबेसच्या कनेक्शनवर आणि तक्त्यावर घ्या. मायएस्क्यूएल 8.0 मध्ये नवा डेटाबेस आपोआप यूटीएफ-8-एमबी-4 मध्ये होतो, त्याआधीच्या आवृत्त्यांत लॅटिन-1 (फक्त रोमन अक्षरांचा जुना संच) मध्ये होत असे. जुन्या मशीनवरून आणलेला बॅकअप आपली जुनी सवय सोबत घेऊन येतो.

टोप्या आणि टिंबं घातलेली रोमन अक्षरं, तीही मूळ शब्दाच्या दुप्पट-तिप्पट लांब आणि दर तिसऱ्या जागी तेच ते अक्षर, असं दिसलं तर बाइट शाबूत आहेत, वाचणाऱ्याने चुकीचा संच धरलाय. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-8 मध्ये एकाच ठरावीक बाइटने सुरू होतं, म्हणून ते अक्षर पुन्हा पुन्हा येतं. टॉमकॅट 9 वर याचं नेहमीचं कारण फॉर्म: पत्त्यातला मजकूर तो यूटीएफ-8 मानतो, पण पोस्टने आलेल्या फॉर्मचा संच सांगितलेला नसेल तर लॅटिन-1 मानतो. म्हणजे शोध घेताना मराठी चालतं आणि नोंद जतन करताना मोडतं. 'वेब डॉट एक्सएमएल'मध्ये 'रिक्वेस्ट कॅरॅक्टर एन्कोडिंग' म्हणून यूटीएफ-8 लिहा. टॉमकॅट 10 च्या मूळ फाइलीत ती ओळ आधीच आहे.

तिसरा प्रकार: अँड, हॅश आणि पुढे आकडे, जसं 'घ'च्या जागी 2328. इथे फॉर्मचं पानच यूटीएफ-8 नाही. न मावणारं अक्षर ब्राउझरने आकड्यात बदलून पाठवलं. जेएसपीच्या (जावातून पान बनवणारी फाइल) पहिल्या ओळीत पानाचं एन्कोडिंग लिहायचं राहिलेलं असतं, आणि न लिहिल्यास जेएसपी लॅटिन-1 धरते.

विंडोजवर जावा 17 किंवा जुना असेल तर आणखी एक खाच. फाइल वाचताना संच सांगितला नाही तर तो विंडोजचा धरला जातो. जावा 18 पासून सगळीकडे यूटीएफ-8. क्लाउडवर बहुधा लिनक्स असतं, तिथे हे सहसा घडत नाही, त्यामुळे 'सर्व्हरवर चालतं, माझ्याकडे नाही' असा उलटा अनुभव येतो. 'फाइल एन्कोडिंग' हा पर्याय यूटीएफ-8 करून जावाला द्या.

घड्याळ

लॅपटॉप भारतीय वेळेवर चालतो, क्लाउडचं मशीन बहुधा यूटीसीवर, म्हणजे साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर. रात्री सव्वादोनला आलेल्या टँकरची तारीख यूटीसीत आदल्या दिवसाची असते, वेळ रात्री 8:45. मध्यरात्रीपासून साडेपाचपर्यंतचे सगळे टँकर काल आले असं दिसेल आणि महिन्याच्या बिलात पहिल्या तारखेची भांडणं लागतील. घरी हे कधीच दिसत नाही. म्हणून लॅपटॉपवरच्या टॉमकॅटलाही 'यूझर टाइमझोन' यूटीसी द्या आणि रात्री दोनची नोंद करून पाहा. चूक असेल तर इथेच दिसेल.

वॉचमनच्या फोनवर

वही वॉचमन भरणार, म्हणजे फोनवर तपासणं आलं. फोनवर लोकलहोस्ट टाइप केलं तर फोन स्वतःकडेच पाहतो. लॅपटॉपचा वायफायवरचा पत्ता हवा, सहसा 192.168 ने सुरू होणारा. टॉमकॅट मुळात सगळ्या पत्त्यांवर ऐकतो, त्यामुळे त्याच्या बाजूने काही करावं लागत नाही. अडवतो तो विंडोजचा फायरवॉल: वायफाय 'पब्लिक' म्हणून नोंदलेलं असेल तर बाहेरून येणारं सगळं बंद. घरचं वायफाय 'प्रायव्हेट' करा. तरीही नाही आलं तर राउटर पाहा. गेस्ट वायफायवर एक यंत्र दुसऱ्याला दिसू नये अशी सोय बऱ्याचदा चालू असते. हा पत्ता कोडमध्ये लिहू नका. घरी एक असतो, ठाणे-वाशी लोकलमध्ये फोनच्या हॉटस्पॉटवर दुसरा.

सगळ्या पत्त्यांवर ऐकण्याची दुसरी बाजूही आहे. कॅफेच्या वायफायवर तुमचं अर्धवट ॲप शेजारच्या टेबलालाही उघडं असतं. फोनची चाचणी नसेल तेव्हा 'सर्व्हर डॉट एक्सएमएल'मध्ये कनेक्टरला (8080 वर ऐकणारा भाग) 127.0.0.1 हा लॅपटॉपचा स्वतःपुरता पत्ता देऊन ठेवा.

पावतीचा फोटो घ्यायचा असेल तर अजून एक पेच. पानातून थेट कॅमेरा चालू करायला ब्राउझर एचटीटीपीएस मागतो. लोकलहोस्टला तो सूट देतो, 192.168 ला देत नाही. लॅपटॉपवर कॅमेरा उघडतो, फोनवर त्याच पानावर काहीच होत नाही. नुसता फोटोच हवा असेल तर फाइल निवडण्याचा साधा रकाना 'कॅप्चर' लावून वापरा, त्याला एचटीटीपीएस लागत नाही. थेट कॅमेराच हवा असेल तर अँड्रॉइड फोन यूएसबीने जोडा, फोनमध्ये यूएसबी डीबगिंग चालू करा, लॅपटॉपवरच्या क्रोमच्या 'इन्स्पेक्ट' पानावर पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये 8080 ला लोकलहोस्ट 8080 जोडा. आता फोनवर लोकलहोस्ट 8080 टाइप केलं की लॅपटॉपचा टॉमकॅट उघडतो, कॅमेरा चालतो आणि वायफाय, फायरवॉल दोन्ही वाटेतून बाजूला होतात. केबल तेवढी डेटाची घ्या. फक्त चार्जिंगच्या केबलवर क्रोमला फोन दिसतच नाही.